मशिदीची साखर, माहीनचा केक

मजीद मजीदी यांच्या ‘चिल्ड्रेन ऑफ हेवन’ (१९९७) या चित्रपटात तेहरानच्या गरीब वस्तीतल्या एका खोलीत एक बाप साखर फोडत बसला आहे. इराणमध्ये चहाची साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेत मिळते आणि ती फोडून तिचे लहान लहान खडे करावे लागतात. बापाच्या पुढ्यात अशा पांढऱ्या खड्यांचा ढीग साठला आहे. धाकटी मुलगी झहरा त्याच्यासाठी चहा घेऊन येते आणि बाप तिच्याकडे साखर मागतो. समोर एवढी साखर पडलेली असताना पुन्हा साखर कशाला, हे त्या पोरीला कळत नाही. तेव्हा बाप तिला समजावतो की ही साखर मशिदीची आहे, विश्वासाने आपल्याकडे फोडायला दिलेली आहे, तिच्यातला खडा आपल्याला घेता येत नाही.

प्रसंग जेमतेम मिनिटभराचा आहे आणि कथानकाला त्याची तशी गरजही नाही, कारण चित्रपटाची गोष्ट हरवलेल्या बुटांची आहे. तरीही या कुटुंबाविषयी जे काही कळायला हवे ते सगळे त्या मिनिटभरात कळून जाते. घरात उधारी आहे, आई आजारी आहे, भाजीवाला झहराच्या भावाला, अलीला, स्वस्तातले बटाटे निवडायला सांगतो, आणि अशा घरात किलोंनी साखर येऊन पडली आहे. इराणी माणूस चहात दूध घालत नाही. काचेच्या लहान पेल्यातला कोरा चहा तो साखरेचा खडा दातांत धरून पितो, म्हणजे साखर नसेल तर तो चहा त्याच्या लेखी अर्धाच. बाप त्या अर्ध्या चहाला तयार आहे, पण मशिदीच्या खड्याला हात लावायला नाही.

(जाता जाता: इराणमधल्या चहाच्या लागवडीचे मूळ आपल्याकडे आहे. भारतात इराणचे वाणिज्यदूत म्हणून राहिलेल्या काशेफ अस्-सल्तनेह यांनी विसावे शतक उजाडण्याच्या सुमारास कांगड्याहून चहाची रोपे नेली आणि कास्पियन समुद्राजवळच्या लाहिजान भागात लावली. त्यांची कबर तिथेच आहे आणि त्या वास्तूत आता चहाचे संग्रहालय आहे.)

इराणी चित्रपटांतले खाणेपिणे आणि भावना यांच्या नात्याविषयी एक मत समीक्षकांमध्ये इतके रूढ झाले आहे की बहुतेक लेखांत ते सिद्ध झालेले सत्य म्हणूनच मांडले जाते. १९७९ च्या क्रांतीनंतर पडद्यावरच्या स्त्री-पुरुषांना एकमेकांना स्पर्श करता येईना. स्वतःच्या घरात, अगदी झोपेतसुद्धा, नटीच्या डोक्यावर रुमाल असणे सक्तीचे झाले, मद्याला तर परवानगी नव्हतीच. मग दिग्दर्शकांनी मिठीच्या जागी चहाचा पेला ठेवला, चुंबनाच्या जागी डाळिंब सोलून दिले, आणि बंदीतून एक सूक्ष्म, सूचक कला जन्माला आली, असे हे मत सांगते. ऐकायला ते फार सुबक वाटते. माझी शंका आहे ती या सुबकपणाविषयीच.

बंदी खरी आहे आणि तिचा जाचही खरा आहे, याबद्दल वाद नाही. १९९७ साली कान महोत्सवात दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यांना सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा ते देणाऱ्या फ्रेंच अभिनेत्री कॅथरीन दनव यांनी रीतीप्रमाणे त्यांच्या गालाचे चुंबन घेतले, आणि तेवढ्यावरून मायदेशी गदारोळ उठला. पण बंदीमुळे पडद्यावर स्पर्श का नाही एवढेच समजते. तिथे अन्न का आहे, याचे उत्तर तिच्यात नाही. रिकामी झालेली जागा दिग्दर्शकांना निसर्गाने, कवितेने, मोटारींनी किंवा लहान मुलांनी भरता आली असती आणि त्यांनी ती तशीही भरली. पण माणसाने माणसाला वाढणे, आग्रह करणे, ताट नाकारणे यांत भावना पाहण्याची सवय या समाजाला बंदीच्या कितीतरी आधीपासून आहे. कॅमेऱ्याला ती फक्त टिपायची होती.

गंमत अशी की ही गोष्ट सेन्सॉरला समीक्षकांपेक्षा बरी कळते. २०२१ साली इराणच्या सरकारी दूरचित्रवाणीसाठी निघालेल्या सूचनांची बातमी आली होती. पडद्यावरच्या स्त्रियांनी लाल रंगाचे पेय पिऊ नये, पिझ्झा किंवा सँडविच खाताना दिसू नये, आणि कचेरीत पुरुष स्त्रीला चहा देताना दाखवू नये, असा त्या सूचनांचा आशय असल्याचे बातमीत म्हटले होते. वाचून हसू येते. पण ज्याने कोणी हे योजले त्याला एवढे नक्की ठाऊक होते की पुरुषाने बाईसाठी चहाचा पेला भरून आणणे ही साधी गोष्ट नव्हे.

दारियुश मेहरजुई यांचा ‘लैला’ (१९९७) हा चित्रपट या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. त्याची सुरुवात होते ती शोले-झर्द रटरटणाऱ्या मोठ्या भांड्यांपासून. शोले-झर्द म्हणजे तांदूळ अगदी मऊ शिजवून त्यात साखर, केशर, गुलाबपाणी आणि लोणी घालून केलेली पिवळीधमक दाट खीर. ती नवसाची म्हणून दरवर्षी करतात. घरातली, शेजारची, ओळखीपाळखीची माणसे जमतात, आळीपाळीने पळी फिरवतात आणि फिरवताना मनात काहीतरी मागतात. मग खीर वाडग्यांत ओततात, वर दालचिनीच्या पुडीने नक्षी किंवा पवित्र नावे रेखतात, पिस्त्या-बदामाचे काप पेरतात आणि वाडगी घरोघर पोहोचवतात. या गर्दीतच रझा लैलाला पहिल्यांदा पाहतो. लग्न होते, दोघे सुखात असतात आणि मग कळते की लैलाला मूल होणार नाही. सासूचा लकडा सुरू होतो. नवऱ्याला दुसरी बायको नको असते, तरी लैला स्वतःच त्याला त्या लग्नाला तयार करते आणि ज्या रात्री सवत घरात येते त्या रात्री घर सोडून माहेरी निघून जाते. चित्रपट संपतो तो पुन्हा शोले-झर्दच्याच दिवशी. पुन्हा तीच भांडी, तीच माणसे, आणि रझा आपल्या लहान मुलीला घेऊन तिथे आलेला.

‘लैला’मधल्या या खिरीला मिठीचा पर्याय म्हणणे मला पटत नाही. ही खीर दोन माणसांमधली नाहीच, ती कुटुंबाची आहे. ज्या गोतावळ्याने लैलाला नवरा मिळवून दिला त्याच गोतावळ्याने तो काढूनही घेतला, आणि खीर दोन्ही वेळा तितकीच गोड झाली असणार. मेहरजुईंनी तिच्यावर एका शब्दाचे भाष्य केलेले नाही. कॅमेरा खिरीच्या सौंदर्यावर रेंगाळतही नाही. कोण ढवळते आहे, कोण वाडगी भरते आहे, कोण खिडकीतून पाहते आहे, याकडेच त्याचे लक्ष असते.

मेहरजुईंचा ‘मेहमान-ए-मामान’ (२००४) त्यापेक्षा हलकाफुलका आहे आणि मराठी प्रेक्षकाला बहुधा तोच अधिक जवळचा वाटेल. हुशंग मोरादी केरमानी यांच्या कथेवरचा हा चित्रपट एका अंगणाभोवती राहणाऱ्या गरीब भाडेकरूंचा आहे, थेट आपल्याकडच्या जुन्या वाड्यासारखा. तिथल्या एका बाईकडे तिचा भाचा आणि त्याची नवी नवरी येतात. घरात वाढण्यासारखे काही नाही. पाहुणे जेवायला थांबले तर लाज जाणार, आणि जेवून जा म्हटले नाही तर त्याहून जास्त जाणार. तआरोफ नावाचा जो इराणी शिष्टाचार आहे, त्यात यजमानाने आग्रह करायचा, पाहुण्याने नको म्हणायचे, पुन्हा आग्रह, पुन्हा नको, आणि या नको-नकोमधून खरे काय ते दोघांनी ओळखायचे. चित्रपटातली सगळी धांदल त्या रीतीतूनच जन्मते. शेवटी अख्खे अंगण कामाला लागते. कोणाकडून काय, कोणाकडून काय असे करत त्या घरात मेजवानी उभी राहते. गुलाब आदिनेह यांनी रंगवलेली ती आई सबंध चित्रपटभर एकाच वेळी हसतमुख यजमानीण आणि कासावीस झालेली बाई असते. पाहुण्यांसमोर पदार्थ मांडले जातात तेव्हा प्रेक्षकाला त्यांतला प्रत्येक कोणत्या दारातून आला हे माहीत असते, पाहुण्यांना नसते. अन्नाचे चित्रण म्हणजे काय, असे कोणी मला विचारले तर मी या मेजवानीकडे बोट दाखवीन.

किआरोस्तामींची रीत वेगळी आहे, कारण त्यांना पदार्थ दाखवण्याची गरजच वाटत नाही. ‘टेस्ट ऑफ चेरी’मध्ये चेरी कुठेही दिसत नाही. बदीई नावाचा माणूस तेहरानबाहेरच्या धुळीच्या टेकड्यांवरून गाडी फिरवत असतो. आत्महत्या केल्यावर आपल्यावर माती लोटणारा कोणीतरी त्याला हवा आहे. वाटेत त्याला धर्मशिक्षण घेणारा एक अफगाण तरुण भेटतो. तो नकार देतो, धर्म काय सांगतो ते सांगतो, पण सांगून झाल्यावर म्हणतो की माझ्या मित्राने ऑम्लेट केले आहे, खायला चला. बदीई म्हणतो की अंडी मला बाधतात. मरायला निघालेला माणूस पथ्य सांगतो! या जागी प्रेक्षागृहात हसावे की नाही हे कोणालाच कळत नाही, आणि ते न कळणे हीच किआरोस्तामींची करामत आहे. पुढे म्हातारे बाघेरी गाडीत बसतात. तरुणपणी आपणही दोर घेऊन तुतीच्या झाडाकडे गेलो होतो, ही गोष्ट ते सांगतात. दोर अडकेना म्हणून ते झाडावर चढले, हाताला काहीतरी मऊ लागले, ती तुती होती, एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तेवढ्यात उजाडले, शाळेला निघालेल्या मुलांनी फांदी हलवायला सांगितली, आणि घरी परतताना ते बायकोसाठी तुती घेऊन गेले. तत्त्वज्ञान म्हणून हे फार साधे आहे आणि बाघेरींना आपण तत्त्वज्ञान सांगतो आहोत असे वाटतही नाही. बदीईचे मत बदलले की नाही, हे चित्रपट सांगत नाही.

‘द विंड विल कॅरी अस’ (१९९९) मध्ये शहरातून खेड्यात आलेला एक माणूस दूध मागायला एका काळोख्या तळघरात उतरतो. कंदिलाच्या उजेडात एका मुलीचे हात आणि गाईची कास तेवढी दिसते. ती धार काढते आणि तो फुरूघ फर्रुखजाद यांची कविता म्हणतो, जिच्यावरून चित्रपटाचे नाव ठेवलेले आहे. मुलीचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. समीक्षकांनी या दृश्याला शृंगाराचे दृश्य म्हटले आहे. मला तिथे दुधाच्या बदल्यात कविता देऊ पाहणारा आणि तिथून काहीच हाती न लागलेला एक आगाऊ पाहुणा दिसतो. दोन्ही वाचने शक्य आहेत.

वाढण्यात जशी माया असते तशी त्यात विटंबनाही असू शकते. असगर फरहादी यांच्या ‘द सेल्समन’ (२०१६) मध्ये रानावर तिच्याच घरात हल्ला होतो. हल्लेखोर जाताना पैसे ठेवून जातो, कारण त्या घरात आधी राहणाऱ्या बाईकडे पुरुष येत असत. ते पैसे नवऱ्यानेच ठेवले असावेत असे समजून राना त्यांतून वाणसामान आणते. कितीतरी दिवसांनी तिने उत्साहाने स्वयंपाक केला आहे, एका मैत्रिणीचा लहान मुलगा जेवायला आहे, आणि घरात थोडेसे हसू परतले आहे. घास घेता घेता नवऱ्याच्या लक्षात येते की हे जेवण कोणत्या पैशांचे आहे, आणि तिथेच जेवण थांबते. मुलाला त्याचे कारण सांगता येत नाही. हल्ला आपल्याला दाखवलेला नाही, पण त्याची किळस आपल्यापर्यंत पोहोचते ती या थांबलेल्या जेवणातून. ज्या समाजात मिठाला जागणे ही गंभीर बाब आहे, तिथला प्रेक्षक या दृश्यात काय अनुभवत असेल याची आपल्याला चांगलीच कल्पना करता येते.

आता बाहेरून पाहणाऱ्यांकडे वळू. जून २०२५ मधले इस्रायलशी झालेले बारा दिवसांचे युद्ध आपण पाहिले ते नकाशे, बाण आणि क्षेपणास्त्रांच्या पल्ल्यांचे आकडे या स्वरूपात. त्या नकाशावर ज्या शहरांची नावे झळकत होती, तिथल्या माणसांनी त्या दिवसांत चूल पेटवली असेल का आणि तंदुरांपुढे नानसाठी किती मोठी रांग लागली असेल, हे प्रश्न वृत्तनिवेदकाला पडायचे कारण नव्हते. हॉलिवूडची कथा फार निराळी नाही. ऑस्करविजेत्या ‘आर्गो’ (२०१२) मधल्या इराणविषयी आठवू म्हटले तर मुठी, दाढ्या आणि जळते झेंडे आठवतात. त्यातले तेहरान इस्तंबूलमध्ये चित्रित केले होते. ‘तेहरान’ नावाची इस्रायली मालिका अथेन्समध्ये चित्रित झाली. बिचाऱ्या तेहरानला पडद्यावर येण्यासाठी नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी शहराचा चेहरा उसना घ्यावा लागतो.

या यादीत मुंबईही आहे, आणि तिचे स्थान सर्वांत जुने आहे. पहिला फारसी बोलपट ‘दोख्तर-ए-लोर’ हा मुंबईत, इम्पीरियल फिल्म कंपनीत तयार झाला आणि १९३३ साली तेहरानमध्ये झळकला. ‘आलम आरा’ काढणारे, पुण्यात जन्मलेले अर्देशीर इराणी यांनी अब्दुल हुसेन सेपान्ता यांच्याबरोबर तो केला. नायिका गुलनार ही एका चहाखान्यात काम करणारी मुलगी आहे. तिची भूमिका करणाऱ्या रूहअंगीझ सामिनेझाद मूळच्या केरमान प्रांतातल्या होत्या. म्हणजे बोलत्या इराणी पडद्यावरची पहिली नायिका चहा देणाऱ्यांपैकी आहे आणि तो चहाखाना मुंबईत उभारलेला आहे. या योगायोगावर कोणीतरी सविस्तर लिहायला हवे.

अर्थात आपल्याकडे इराण म्हटले की चहाखानाच आठवतो, पण तो निराळा. यझ्द आणि केरमानकडून आलेल्या झरथुष्ट्री कुटुंबांनी मुंबई-पुण्याच्या चौकाचौकांत हॉटेले काढली. संगमरवरी टेबले, बाकदार पाठीच्या लाकडी खुर्च्या, ब्रून मस्का, मावा केक, खारी. त्यांच्याविषयीच्या आपल्या वाङ्मयात हळहळच फार असते आणि तिला मी आता कंटाळले आहे. या हॉटेलांतला दुधाचा गोड चहा तेहरानच्या माणसापुढे ठेवला तर तो हा कोणत्या देशाचा म्हणून विचारील. मात्र बॅलार्ड इस्टेटमधल्या ‘ब्रिटानिया’च्या (१९२३) बेरी पुलावातली ती आंबट लाल फळे अस्सल इराणी आहेत. ती झेरेश्क, खोरासानच्या कोरड्या भागात पिकणारी. इराणमध्ये ती भातावर पसरून, केशर घालून, कोंबडीबरोबर वाढतात आणि लग्नाच्या पंगतीत तो भात हमखास असतो.

अलीकडे या क्षेपणास्त्री इराणला उत्तर म्हणून एक दुसरे इराण पडद्यावर आले आहे. ते खाद्य-कार्यक्रमांचे. त्यात हमखास येणारे दृश्य असे की भाताचे पातेले ताटावर उलटे केले जाते आणि तळाची सोनेरी, अखंड, कुरकुरीत खरवड वर येते. तिला ताहदीग म्हणतात. सामिन नोसरत या इराणी-अमेरिकी लेखिकेमुळे तिची महती जगभर पोहोचली. ते पातेले उलटे करण्याचा क्षण डोळ्यांना सुखावतो हे मान्यच, पण भात त्या क्षणात नसतो. तांदूळ मिठाच्या पाण्यात भिजत घालावा लागतो, उकळत्या पाण्यात कणी राहील इतपतच शिजवून निथळावा लागतो. मग पातेल्याच्या तळाशी तेल, केशराचे पाणी, कधी दही, कधी लवाशची पोळी घालून त्यावर तो भात शिखरासारखा रचायचा, पळीच्या दांड्याने त्याला भोके पाडायची, झाकणाला फडके गुंडाळायचे, म्हणजे वाफेचे पाणी भातावर ठिबकत नाही, आणि मग मंद आचेवर वाट पाहायची. केशर चिमूटभर साखरेबरोबर खलून घेतले तर त्याचा रंग चांगला उतरतो. मी हा भात अधूनमधून घरी करते. त्यातली कठीण गोष्ट उलटवणे ही नव्हे, मधेच झाकण न उघडणे ही आहे. आणि ते पाहणाऱ्याला आवडेल अशा रीतीने चित्रित करता येत नाही. इराणमधल्या घरांत ताहदीगचा मोठा तुकडा पाहुण्याच्या ताटात जातो आणि घरच्या पोरांचे लक्ष त्या तुकड्यावर असते. तेवढे तरी या कार्यक्रमांनी दाखवावे अशी माझी मागणी आहे.

सगळेच कार्यक्रम वरवरचे असतात असे नव्हे. अमेरिकी आचारी आणि प्रवास-कार्यक्रमांचे सूत्रधार अँथनी बोर्डेन यांनी २०१४ साली इराणवर केलेल्या भागात कबाब आणि घरगुती जेवणे आहेतच, पण त्याचबरोबर आपण ऐकलेला इराण आणि पाहिलेला इराण यांचा मेळ बसत नाही, ही त्यांची गोंधळलेली कबुलीही आहे. त्यात ते ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे तेहरानमधले वार्ताहर जेसन रेझायान आणि त्यांच्या पत्नी येगानेह सालेही यांच्याशी निवांत गप्पा मारतात. भाग प्रसारित होण्याआधीच, जुलै २०१४ मध्ये, त्या दोघांना अटक झाली. रेझायान ५४४ दिवस तुरुंगात होते. त्यामुळे तो भाग पाहताना टेबलावरच्या पदार्थांकडे लक्ष देणे अशक्य होऊन बसते.

इराणमध्ये पाककृतीलाही राजकारणापासून सुटका नाही. नवाब इब्राहिमी हे इन्स्टाग्रामवर लाखो लोक ज्यांना पाहतात असे आचारी. जानेवारी २०२३ मध्ये, सेनाधिकारी कासिम सुलेमानी यांच्या हत्येच्या वर्षदिनाच्या सुमारास, त्यांनी कोतलेतची, म्हणजे बटाटा आणि खिम्याच्या कटलेटची, कृती टाकली. ३ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेच्या ड्रोन हल्ल्यात सुलेमानी मारले गेल्यापासून राजवटीचे विरोधक तो शब्द त्यांच्या मृत्यूच्या क्रूर चेष्टेसाठी वापरत आले होते. इब्राहिमींना अटक झाली आणि सगळ्यांनी तिचा संबंध त्या कटलेटशी जोडला. हिजाबच्या नियमावरून अटक झालेल्या महसा अमिनी या तरुणीच्या कोठडीतल्या मृत्यूनंतर रस्त्यांवर उसळलेल्या आंदोलनाचे ते महिने होते. घरोघर मुलांच्या डब्यात जाणारा, पावात घालून सहलीला नेला जाणारा पदार्थ अशा रीतीने पोलिसांच्या दप्तरात जातो. या घटनेवर चित्रपट काढला तर परीक्षक त्याला अतिरंजित म्हणतील.

आता त्या रूढ मताकडे परत येते. अन्न ही फक्त बंदीने सुचवलेली पळवाट असती तर बंदी नसलेल्या ठिकाणी इराणी कलावंतांनी ती सोडून द्यायला हवी होती. मार्जान सत्रापी फ्रान्समध्ये काम करतात, त्यांच्यावर कोणाचा पहारा नाही. त्यांच्या ‘पर्सेपोलिस’ या आत्मकथनात अनुश काका शाहाच्या तुरुंगात असताना पावाचा हंस बनवतो आणि तो छोट्या मार्जीला देतो. क्रांतीनंतर नवी राजवट त्याच काकाला पुन्हा पकडते आणि ठार करते. तुरुंगातला पाव, जो खायचा तो न खाता ज्याची वस्तू केली, तो त्या मुलीपाशी उरतो. सत्रापींच्याच ‘चिकन विथ प्लम्स’ मध्ये १९५८ सालच्या तेहरानमधला वादक नासेर अली वाद्य मोडल्यावर मरायचे ठरवून अंथरुणाला खिळतो. ज्या बायकोने ते वाद्य मोडले ती त्याची समजूत काढायला त्याच्या आवडीची, आलुबुखार घातलेली कोंबडी शिजवते. आणि तो ती नाकारतो. सत्रापींना ही जोडी एकमेकांच्या गळ्यात पडताना दाखवायला कोणतीच आडकाठी नव्हती. तरी क्षमायाचना आली ती ताटातून, आणि तिचा अव्हेरही ताटावरच झाला.

यापेक्षा बळकट पुरावा खुद्द इराणमधून आला. मरियम मोघद्दम आणि बेहताश सनाईहा यांचा ‘माय फेव्हरिट केक’ २०२४ साली बर्लिन महोत्सवात दाखवला गेला तेव्हा दोघे दिग्दर्शक तिथे नव्हते, कारण त्यांची पारपत्रे आधीच जप्त झाली होती. पुढे न्यायालयाने त्यांना निलंबित तुरुंगवासाची शिक्षाही सुनावली. त्यांचा अपराध असा की त्यांनी सत्तर वर्षांच्या एका विधवेला तिच्या घरात जशी असेल तशी दाखवली. माहीन (लिली फरहादपूर) तेहरानमध्ये एकटी राहते. मुले परदेशात आहेत. ती उशिरा उठते, बागेतल्या रोपांना पाणी घालते आणि मधूनमधून म्हाताऱ्या मैत्रिणींना जेवायला बोलावते. मग सगळ्या मिळून आपापल्या दुखण्यांविषयी आणि पुरुषांविषयी मोकळेपणाने बोलतात. एक दिवस निवृत्तांच्या खानावळीत तिला फरामर्झ नावाचा टॅक्सीवाला दिसतो. तोही एकटाच. ती त्याची टॅक्सी करते आणि त्याला घरी घेऊन येते.

पुढची रात्र म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या निषिद्ध गोष्टींची यादीच आहे. डोक्यावर रुमाल नाही, घरात दडवून ठेवलेली वाइन बाहेर निघते, दोघे नाचतात, हात हातात येतात. घरात पुरुषाचा आवाज ऐकल्याचा संशय येऊन शेजारीण दार वाजवते आणि माहीन तिला कशीबशी कटवते. फरामर्झ बागेतले बंद पडलेले दिवे दुरुस्त करतो. समीक्षकांचे मत खरे असते तर या घरात अन्नाचे काम संपायला हवे होते, कारण ज्याच्यासाठी ते पडद्यावर आले म्हणतात तो स्पर्श आता प्रत्यक्षच हजर आहे. पण माहीन उठून स्वयंपाकघरात जाते आणि त्याच्यासाठी केक करायला घेते. संत्र्याच्या फुलांच्या सुगंधाचा, तिच्या आवडीचा. पीठ, अंडी, साचा, ओव्हन या सगळ्याकडे तिचे लक्ष तेवढेच बारीक आहे जेवढे ‘लैला’तल्या बायकांचे खिरीच्या भांड्याकडे होते. पुढे काय होते ते मी सांगणार नाही. एवढेच सांगते की केक शेवटपर्यंत कथेत राहतो.

बंदीमुळे इराणी चित्रपट बहरला असे म्हणणारे लोक नकळत सेन्सॉरच्या गळ्यात हार घालतात, याचाही मला राग येतो. दिग्दर्शक जाफर पनाही यांना २०१० साली सहा वर्षांची शिक्षा आणि वीस वर्षांची चित्रपटबंदी सुनावली गेली. दुसरे दिग्दर्शक मोहम्मद रसूलोफ २०२४ साली डोंगर ओलांडून पायी देशाबाहेर पडले. या माणसांनी जे केले ते स्वतःच्या हिमतीवर आणि स्वतःच्या घरातून, रस्त्यांतून, कवितांतून उचललेल्या गोष्टींवर केले, आणि त्या गोष्टींत जेवणाचे दस्तरखानही होते, जे कोणत्याही मंत्रालयाने त्यांना दिलेले नव्हते.

‘माय फेव्हरिट केक’ मी ज्या गटाबरोबर पाहिला त्यांच्यात नंतर बराच वेळ चर्चा झाली. हिजाब, वाइन, जप्त झालेली पारपत्रे, न्यायालय, अमिनींच्या मृत्यूनंतरचे आंदोलन यांविषयी लोक कळकळीने बोलले आणि त्यात गैर काहीच नव्हते. एका गृहस्थांनी तर इराणच्या दंडसंहितेवर दहा मिनिटे माहिती दिली. केकविषयी कोणीही काही विचारले नाही.